पडद्याबाहेरचा हात

निर्मलाबाई आणि तिचे जेठ भिलाआप्पा एका घरात तीस वर्षांहून जास्त राहिले आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान बोलावं तरी लागलं असतं. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर तोंड उघडायचं नाही, पदर ढळू द्यायचा नाही, त्याची सावलीसुद्धा अंगावर घ्यायची नाही, ही तापीकाठच्या त्या घरांतली जुनी रीत. आताच्या सुना जेठाला मोबाईलवर सकाळी सकाळी फुलांची चित्रं पाठवतात, ते सोडा. निर्मलाबाई लग्न होऊन प्रकाशा तीर्थाजवळच्या या गावात आली तेव्हा रीत कडक होती, आणि पुढे ती मोडायची कुणाला आठवण राहिली नाही.

भिलाआप्पांची बायको जसोदाबाई होती तोवर निरोप इकडून तिकडे पोचवायचं काम तिचं. ती गेली. मग निर्मलाबाईचा नवरा रतिलाल ते करू लागला, आणि एका उन्हाळ्यात तोही छातीत कळ येऊन गेला. मुलगा नवनीत सुरतेला कापड मार्केटात नोकरीला, मुलगी रोहिणी नाशिकला दिलेली. घरात उरली दोन माणसं, तीही एकमेकांशी न बोलणारी. पण शेतात पपई आहे, दारात दूध आहे, दुखणंखुपणं आहे. काहीबाही सांगावंच लागतं. तेव्हा आप्पांनी हे काम भुरीवर सोपवलं. भुरी म्हणजे त्यांची म्हैस. उद्या मी शहाद्याला जाणार, जेवायला नाही, असं ते म्हशीला खणखणीत आवाजात सांगत आणि आत चुलीपाशी ते ऐकलं जाई. निर्मलाबाईचं उत्तर भांड्यांतून येई. आधी, रतिलाल असताना, ती बांगड्या वाजवून ताट वाढल्याची खूण करायची. बांगड्या गेल्यावर उंबऱ्यावर तांब्या आपटू लागली. संसार असाही चालतो. म्हशीची काही तक्रार नव्हती.

मग निर्मलाबाईच्या छातीत गाठ निघाली. नवनीतनं तिला सुरतेला नेलं, रजा काढल्या, धावपळ केली; पोराला नावं ठेवायला जागा नाही. उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, औषधं चढवली, किरणं दिली. केस गेले, परत आले. सगळं संपवून ती गावी आली तेव्हा आख्खी गल्ली बघायला लोटली. बाया आधी तिच्या तोंडाकडे बघत, मग पदराच्या उजव्या बाजूकडे, आणि मग घाईघाईनं भिंतीवरच्या देवाकडे. वाचलीस माय, म्हणाल्या. ते खरंच होतं. पण वाचलेल्या माणसाची एक पंचाईत असते. त्यानं पुढे कशाचीच कुरकुर करायची नसते.

म्हणून दीडेक वर्षानं उजवा हात जड वाटायला लागला तेव्हा ती गप्प राहिली. आधी पोलक्याची बाही घट्ट झाली. तिनं शिवण उसवली. मग मनगटाचं हाड दिसेनासं झालं, बोटं फुगली, आणि हात असा झाला की उशाला घेऊन झोपावं म्हटलं तर उशीच वाटावी. शेजारच्या मीनाबाईनं तो पाहिला आणि आपल्याकडे सुजेवर जे करतात तेच सांगितलं: तिळाचं तेल चोळ, रुईची पानं तव्यावर तापव, बांध आणि चांगला शेक. निर्मलाबाईनं मनापासून शेकलं. तिसऱ्या दिवशी हात लालबुंद झाला, हुडहुडी भरली, आणि आप्पांनी भुरीला न सांगताच गल्लीतल्या पोरांकडून गाडी मागवली. नंदुरबारच्या दवाखान्यात सुया, सलाईन झालं. ताप उतरल्यावर तिथल्या डॉक्टरांनी तिला घरी सोडलं आणि पुढच्या आठवड्यात नूतनकडे यायला सांगितलं. नूतन व्यायामाचे उपचार करणारी डॉक्टर, रोहिणीपेक्षाही लहान.

नूतननं हात आपल्या मांडीवर घेतला, अंगठ्यानं दाबला, खळगा किती वेळ राहतो ते पाहिलं आणि सोप्या शब्दांत सांगितलं. अंगातलं जास्तीचं पाणी काखेतल्या गाठींतून वाट काढतं. त्या गाठी काढल्या, वरून किरणं बसली, वाट तुटली. आता पाणी हातात साचतं. शेक म्हणजे आगीत तेल. हा आजार मुळासकट जात नाही, पण धाकात राहतो. त्यासाठी रोज हात धुवायचा, मलम लावायचं, सुती बाही चढवायची, बोटांना एकेक करून पट्टी, त्यावर मऊ कापसाचा थर, आणि वर जाड पट्टे, बोटांपासून थेट खांद्यापर्यंत, खाली आवळून आणि वर जाता जाता सैल. बांधलेल्या हातानं थोडा व्यायाम करायचा. हात उतरला की मापाची घट्ट बाही मागवू. आता आळस केलात तर मांस घट्ट होईल, ताप परत परत येईल, मग मलाही फार काही करता येणार नाही.

"पण हे एका हातानं नाही जमत," नूतन म्हणाली. "घरी कोण आहे बांधायला?"

साधा प्रश्न होता. सुरतेत ऑपरेशनच्या टेबलावर उताणं पडून दिव्याकडे बघताना वाटलं नव्हतं इतकं एकटं निर्मलाबाईला त्या खुर्चीत वाटलं.

नवनीतला सुट्टी नव्हती, म्हणून त्या दिवशी बसनं तिच्याबरोबर आप्पा आले होते. बरोबर म्हणजे ते पुढच्या सीटवर आणि ती मागच्या. दवाखान्यात ते टोपी हातात धरून दाराबाहेर उभे. नूतननं त्यांना पाहिलं आणि म्हणाली, काका, आत या ना, तुम्हीच शिकून घ्या, बायकोच्या दुखण्यात नवऱ्यानं लाजायचं नसतं. निर्मलाबाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढला. आप्पा फरशीकडे बघत राहिले. हा नवरा नाही, हे सांगायला दोघांपैकी कुणीतरी दुसऱ्याबद्दल बोलायला हवं होतं, आणि भुरी तर गावी होती. नूतननं उंबऱ्यात उभ्या असलेल्या काकांनाही दिसेल अशा बेतानं हात बांधून दाखवला. काका भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते, असं निर्मलाबाईला तरी वाटलं.

पहिल्यांदा रोहिणी आली. पोरीच्या हाताला वळण होतं. आठवडाभर तिनं आईचा हात बांधला आणि मनगटाचं हाड पुन्हा दिसू लागलं. पण तिच्या मुलांच्या परीक्षा होत्या, सासूला दिसत नव्हतं. बसस्टँडवर ती रडली आणि निर्मलाबाईनं तिलाच समजावलं. मग मीनाबाई आली. तिनं चाऱ्याचा भारा बांधावा तसा हात आवळला. बोटं काळीनिळी पडली, पट्टा दुपारीच सोडावा लागला. दोन-चार दिवस ती आली, मग उद्या येते म्हणाली, आणि तिचा उद्या काही उगवला नाही. तिलाही दोष कसा द्यावा? कॅन्सरला लोक धावून येतात. सुजलेल्या हाताला कोण रोज येणार?

आपला हात जगन्नाथ म्हणतात. निर्मलाबाईनं डाव्या हातानं आणि दातांनी बांधून पाहिलं. एक टोक दातात, दुसरं मांडीखाली. जेमतेम कोपरापर्यंत पोचलं की पट्टा घसरून तिथेच गोळा होई आणि खालचा हात टरटरून फुगे. घट्ट केला तर मुंग्या, सैल केला तर व्यर्थ. ती पुन्हा सोडे, पुन्हा गुंडाळे. घामानं पट्टे भिजत. बाहेर ओट्यावर आप्पा बसलेले असत आणि त्यांना आतला सगळा आवाज ऐकू येई.

तेवढ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला माहेरवाशिणी येतात, पितरांच्या घागरी भरतात, आणि घरोघर खापरावरचे मांडे होतात. गल्लीत मांड्यांचा हात निर्मलाबाईचा. पुरण भरलेला गोळा ती या हातावरून त्या हातावर असा झुलवायची की पोळी कोपरापर्यंत पसरायची, इतकी पातळ की पलीकडची चूल दिसावी, आणि मग तापल्या खापरावर अलगद सोडायची. या वर्षीही मीनाबाईच्या अंगणात चुली मांडल्या. निर्मलाबाई सवयीनं गेली. सगळ्यांनी तिला प्रेमानं पाट दिला आणि म्हणाल्या, तुम्ही नुसतं बसा. जाळापासून लांब बसा. ती लांब बसली. कुणाचा तरी मांडा फाटला, हशा पिकला, दुसरीनं गोळा घेतला. तो हातावर कसा झुलवायचा ते सांगावं असं तिच्या मनात आलं, पण विचारलं कुणीच नाही. ती उठून घरी आली. उठल्याचंही कुणाला कळलं नाही. तिनं नवऱ्याच्या घागरीपुढे साधी चपाती ठेवली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांचा आवाज आला.

"भुरी, तिले सांग, पट्टा मी बांधी देसू. नंदुरबारले दारमा उभा राहीसन समदं देखेल शे मी."

निर्मलाबाईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिनं तांब्या आपटला नाही, काहीच वाजवलं नाही. जेठानं हात धरायचा? तोही बोटापासून काखेपर्यंत? रतिलालच्या फोटोकडे तिनं बघायचंही टाळलं. दिवसभर घरातलं एकही भांडं वाजलं नाही, आणि आप्पा काय समजायचं ते समजून शेतात निघून गेले.

पण हाताला रीतभात कळत नाही. चार-पाच दिवसांत कोपराखालची कातडी ताणून चकचकीत झाली, एका ठिकाणाहून पाणी पाझरू लागलं, आणि पहाटे तिला किंचित कणकण वाटली. परत तो ताप, परत तो लाल हात, या विचारानं ती इतकी घाबरली की बाकी सगळी भीती तिच्यापुढे लहान झाली. अडला हरी, दुसरं काय. तिनं हात साबणानं धुतला, कोरडा केला, मलम लावलं, सुती बाही चढवली. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधल्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा होता. पट्ट्यांची पिशवी तिनं पडद्याबाहेर सरकवली, आत पाटावर बसली, डोक्यावरून पदर घेतला, आणि उजवा हात खांद्यापर्यंत पडद्याबाहेर काढला. मग डाव्या हातानं तांब्या आपटला.

पलीकडे पाट ओढल्याचा आवाज आला. खरखरीत, भेगाळलेल्या बोटांनी तिचा अंगठा धरला.

आप्पांना पहिल्या दिवशी मुळीच जमलं नाही. पट्टी उलटी गेली, करंगळी राहून गेली, सगळं सोडून पुन्हा सुरू केलं. पण त्यांना घाई नव्हती. एकेक बोट ते अगदी हलक्या हातानं उचलत, जणू दुखलं तर त्यांनाच दुखणार होतं. पट्टा मनगटावरून चढला, कोपर ओलांडला, दंडापाशी आला तेव्हा ते थांबले, खाकरले आणि मान फिरवून उरलेले वेढे न बघताच दिले. पडद्याआड निर्मलाबाई ताठ बसली होती. आधी फक्त शरम होती. मग तिच्या लक्षात आलं, रतिलाल गेल्यापासून तिचा हात कुणी असा धरलाच नव्हता. डॉक्टरांनी तपासला होता, पोरीनं बांधला होता, पण पोरीला नेहमी कुठलीतरी बस गाठायची असे. पदराचा बोळा तोंडात धरून ती रडली. हात मात्र तिनं जराही हलू दिला नाही.

मग ते रोजचंच झालं. सकाळी तांब्या वाजे, पाट सरके, हात बाहेर येई. दुपारी आप्पा आदल्या दिवशीचे पट्टे धुऊन सावलीत वाळवत आणि मांडीवर घेऊन गुंडाळत. हळूहळू त्यांची जीभही सैल झाली. भुरी, पपईवर रोग पडलाय. भुरी, प्रकाशाला आज यात्रेकरूंच्या तीन गाड्या आल्या, आणि एकाचीही चप्पल जागेवर सापडेना. भुरी परसात बांधलेली, तिला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. तरी दर वाक्याआधी तिचं नाव लागे. निर्मलाबाईही मागे राहिली नाही. ती चुलीला सांगू लागली. चुले, भाजीत आज मीठ जास्त पडलं का गं? असं विचारलं की पलीकडून भुरीला उत्तर मिळे, नाही, बेताचंच होतं. जसोदाबाईच्या आठवणी निघाल्या, रतिलालच्या निघाल्या. दोघांच्या मधे एक म्हैस, एक चूल आणि एक पडदा, एवढ्या बंदोबस्तात ती दोघं अर्धा तास गप्पा मारत. उरलेला दिवस निर्मलाबाई त्या अर्ध्या तासावर काढे.

मीनाबाई एकदा विरजण मागायला न विचारता आत आली आणि दारातच थिजली. विरजण न घेताच गेली. संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. पिठाच्या गिरणीवर निर्मलाबाई आली तेव्हा बाया एकदम पिठाच्या भावाबद्दल बोलू लागल्या. दुसऱ्या सकाळी तिनं तांब्या वाजवला नाही. आप्पांनी थोडी वाट पाहिली, मग बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"भुरी, हात सुजना तवय कोनी वनं नही. आते देखाले समदी गल्ली येस."

मग ते आत येऊन पाटावर बसले. पडद्याबाहेर हात आला.

पावसाळ्याच्या तोंडाशी नूतननं हात मोजला तेव्हा ती खूश झाली. बाही मागवली. बाही आली तेव्हा रबरी हातमोजे घालून ती एकट्यानं कशी चढवायची हेही तिनं शिकवलं. दिवसभर घालायची, रात्री काढून ठेवायची. रात्री काहीही बांधायची गरज नाही, ती म्हणाली, आणि दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाली, काका, सुटलात तुम्ही, आता यांना कुणाची मदत लागणार नाही. उंबऱ्यातल्या काकांनी बरं म्हटलं. परतीच्या बसमध्ये ते पुढच्या सीटवर आणि ती मागच्या. ज्यासाठी एवढे दिवस धडपड केली ते तिच्या पिशवीत होतं, आणि तिला अजिबात आनंद होत नव्हता.

सकाळी तिनं बाही घातली. पहिल्याच झटक्यात नीट बसली. आप्पा सवयीनं आंघोळ करून पडद्यापाशी पाटावर येऊन बसले होते, मांडीवर पट्टे. ती पडदा सारून चहा ठेवायला बाहेर आली तेव्हा त्यांनी बाहीतला हात पाहिला.

"चांगलं व्हयनं, भुरी," ते म्हणाले, आणि चहा घेऊन ओट्यावर गेले.

गरज सरो, वैद्य मरो. त्या दिवशी घर पूर्वीसारखं झालं, म्हणजे पूर्वीपेक्षा वाईट. पूर्वी तिला या शांततेत काही कमी आहे हे माहीत नव्हतं. तिनं एकटीनं भाकरी केल्या, एकटीनं खाल्ल्या. चुलीला काही सांगावंसं वाटलं, पण पलीकडे ऐकायला कुणी बसलेलं नव्हतं. हात हलका होता. तिला तो पुन्हा सुजावा असं क्षणभर वाटलं आणि त्या वाटण्याची तिला भीती वाटली.

दिवेलागणीला आप्पा आत आले. त्यांनी धुतलेले, नीट गुंडाळलेले पट्टे उंबऱ्यावर ठेवले आणि वळले. ते पुढच्या दारापर्यंत पोचले असतील. निर्मलाबाई पडद्याबाहेर आली. तिनं तांब्या घेतला नाही, चुलीचं नाव घेतलं नाही. तिचा आवाज इतका बारीक निघाला की तिलाच तो परका वाटला.

"आप्पा," ती म्हणाली. "रातले आजून बांधनं पडी, म्हने ती डॉक्टरीन."

आप्पा पाठमोरे थांबले. नंदुरबारला ते उंबऱ्यात उभे होते आणि नूतनचा शब्द न् शब्द त्यांनी आपल्या कानांनी ऐकला होता. हे तिला माहीत होतं. त्यांना माहीत आहे हेही तिला माहीत होतं. तिनं मान खाली घातली आणि वाट पाहिली.

"हां," ते म्हणाले. "मी बी आयकं व्हतं. बांधनं पडी."

मग ते परत आले आणि पाट ओढून पडद्यापाशी बसले.